ओळखीचा माणूस आणि त्याचा फोटो

गोव्यातला आमदार हाकेच्या अंतरावरचा माणूस असतो. विधानसभेच्या जागा ४० आणि एकेका मतदारसंघात मतदार साधारण २८ ते ३० हजार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आमचं राजकारण समजावताना मला आधी हेच सांगावं लागतं, की आमच्याकडे आमदार दिसतो. बाजारात दिसतो, देवळात दिसतो, मासळीच्या टोपलीशी घासाघीस करताना दिसतो. तो कोणाचा मुलगा, कोणत्या शाळेत होता, त्याच्या आजोबांची जमीन कोण कसत होतं, त्याच्या मामाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं गावाला पाठ असतं. लग्नाला, मुंजीला, बाराव्याला तो येतो. आला नाही, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ते लक्षात ठेवलं जातं.

अशा ठिकाणी नेत्याला प्रतिमेची गरज का पडावी, हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावतो आहे. जिथे माणूस कधी भेटतच नाही तिथे फोटो लागतो, हे समजू शकतं. पण काल दारात येऊन "बाय, बरें मूं?" विचारून गेलेल्या माणसाचा दहा फुटी चेहरा आज तिठ्यावर कशाला? आणि तो फलक बघताना कालची ओळख बाजूला ठेवून आपण त्या चेहऱ्यावर विश्वास का टाकतो? आम्हा गोंयकारांना नेत्यांची माहिती कधीच कमी नव्हती. ती माहिती गुंडाळून ठेवून आम्ही त्यांच्या फोटोंवर विसंबू लागलो आहोत. आणि यात नेत्यांइतकाच आमचाही हात आहे. आमचा म्हणजे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या, नाटकं बसवणाऱ्या, उत्सव भरवणाऱ्या मंडळींचा.

मी फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. गावच्या जत्रोत्सवात नाटकांचं सूत्रसंचालनही केलं, ते अजून करते. ज्याच्या हातात माईक असतो त्याला पुष्कळ काही जवळून दिसतं. व्यासपीठावर कोणाची खुर्ची कोणाच्या उजवीकडे, कोणाचं नाव आधी घ्यायचं, फोटोवाला पोचेपर्यंत समईची वात कशी रोखून धरायची, मानपत्रात 'लोकनेते' लिहायचं की 'भाग्यविधाते'. या सगळ्याबद्दल मनात साचलेलं आज लिहायचं आहे.

आधी मयताच्या घराबद्दल. मयताला जाणं हे आमच्याकडे कर्तव्य मानतात, आणि जुने आमदार ते नेमाने करत. सकाळी वर्तमानपत्रातलं निधनवृत्ताचं पान पाहून दिवसभराचा रस्ता ठरवणारे आमदार मी पाहिले आहेत. त्यात मतांचा विचार नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण तो माणूस येऊन सोप्यावर बसायचा, घरच्यांशी हलक्या आवाजात बोलायचा, पेन्शनच्या कागदांचं काय झालं ते विचारायचा, आणि उठून जायचा. तो आला होता हे घरच्यांना आणि चार शेजाऱ्यांना ठाऊक असायचं, तेवढंच पुरे असायचं.

आता नेत्याबरोबर मोबाईल धरलेला एक मुलगा येतो. नेता हात जोडतो, मुलगा कोन बदलतो. नेता घरच्या बाईच्या शेजारी बसतो, मुलगा दोन पावलं मागे सरून दोघांना चौकटीत घेतो. संध्याकाळपर्यंत नेत्याच्या फेसबुक पानावर 'दुःखद प्रसंगी कुटुंबीयांची भेट घेऊन सांत्वन केले' ही ओळ आणि खाली चार फोटो. आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं. फोटो काढू का, असं त्या बाईला कोणी विचारलं नाही. तिच्या परदेशातल्या मुलीने वडील गेल्यानंतरचा आईचा पहिला चेहरा पाहिला तो त्या पानावर. खाली लोकांनी नेत्याला उद्देशून हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या, 'माणुसकी जपणारा नेता' असं लिहिलं होतं. सांत्वन त्या घराचं व्हायला हवं होतं. त्याचं श्रेय मात्र दुसरीकडे जमा झालं.

मला याचा संताप येतो. नेता आला म्हणून नाही, येणं चांगलंच आहे. पण दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग आपल्या चेहऱ्यामागच्या पडद्यासारखा करणं मला सहन होत नाही. आणि त्याहून जास्त टोचतं ते हे, की अंगणात उभे असलेले आम्ही पन्नास-साठ जण त्या मुलाला 'बाबा, फोन खिशात घाल' असं म्हणत नाही.

या भूमीला प्रसिद्धीची दुसरी परंपराही आहे, म्हणून हे जास्त लागतं. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या दशकांत गोव्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर होता. लग्नाच्या पत्रिकासुद्धा मंजुरीला जात, असं आमच्या घरची वडीलधारी मंडळी सांगत. त्या काळात, १९५५ ते १९६१, सीमेपलीकडच्या रानातून एक भूमिगत नभोवाणी केंद्र चालायचं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसं कोकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या देत, पोर्तुगीज सरकारच्या खोट्या प्रचाराला उत्तर देत. ऐकणाऱ्यांना त्यांचे चेहरे माहीत नव्हते. दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून लोक ते ऐकायचे आणि त्यावर भरवसा ठेवायचे. सांगितलेलं खरं निघतं की नाही, एवढीच त्या आवाजाची परीक्षा होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीकडे फोटो, मिरवणुका, सरकारी सोहळे सगळं होतं. या दोघांकडे एक प्रक्षेपक आणि खरी बातमी होती.

मुक्तीनंतर दोनच वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेबांना प्रसिद्धी नको होती असं मी म्हणणार नाही. ते खाणमालक होते, राजकारणात येण्याआधीच देवळांना, शाळांना, कलावंतांना सढळ हाताने देणारे म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. खेळाचे शौकीन, शिकारीचे शौकीन, नाटक-गाण्याचे शौकीन. कला अकादमी त्यांच्याच काळात, १९७० मध्ये उभी राहिली. बहुजन समाजाच्या घरांत त्यांचा फोटो देवांच्या फोटोंशेजारी असायचा, आमच्याही होता. ही प्रतिमाच होती. पण त्या प्रतिमेचा पुरावा प्रत्येक वाड्यावर चालत जाऊन तपासता येत होता. जिथे शाळा नव्हती तिथे शाळा निघाली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाटी धरली नव्हती त्या घरातली मुलगी बाराखडी गिरवू लागली. माझी आई त्यांतली. तिला भाऊसाहेबांचं भाषण एकही आठवत नसे, पण शाळेतल्या बाकाचा रंग आठवायचा.

त्या काळात वर्तमानपत्रं किती ताकदीची होती, हे जनमत कौलाने दाखवलं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, आणि मडगावचं 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी दैनिकं. ही गोष्ट बाहेरच्या मराठी वाचकांना अजूनही चमत्कारिक वाटते. विलीनीकरणाच्या विरोधातली लढाई मोठ्या प्रमाणावर मराठीतच लढली गेली. 'राष्ट्रमत'मधला उदय भेंब्रे यांचा 'ब्रह्मास्त्र' स्तंभ सकाळी हातोहात फिरायचा. उल्हास बुयांव गावोगाव जाऊन कोकणी गाणी म्हणायचे. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून भाऊसाहेबांनी आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला होता. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. भाऊसाहेबांच्या पक्षाचा मुख्य मुद्दाच लोकांनी नाकारला.

आणि मग मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्याच भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा निवडून दिलं. या दोन महिन्यांचा मी पुन्हा पुन्हा विचार करते. माणसावर प्रेम आहे म्हणून त्याचं प्रत्येक म्हणणं मान्य करायचं असं नाही, आणि एक म्हणणं अमान्य आहे म्हणून माणूस टाकून द्यायचा असंही नाही, एवढा पोच त्या मतदाराला होता. त्यातले अनेक जण सही ऐवजी अंगठा करणारे होते. ते भाऊसाहेबांना ओळखत होते, आणि ती ओळख त्यांनी कोणत्याही गाण्याच्या, अग्रलेखाच्या, फोटोच्या ताब्यात दिली नव्हती.

भाऊसाहेबांनी गावाला शाळा दिली. पुढे मी त्याच शाळांपैकी एकीत शिकवायला लागले, तेव्हा जून महिन्यात वह्या यायला लागल्या. फुकट वह्या, मुखपृष्ठावर स्थानिक नेत्याचा हसरा चेहरा, मलपृष्ठावर पाढे. पालकांना मदत व्हायची, म्हणून नको म्हणवत नसे. पण सातवं-आठवं वर्ष लागलेलं मूल वर्षभर रोज त्या चेहऱ्यावर स्वतःचं नाव लिहितं, त्याचा त्याच्या मनावर काय परिणाम होत असेल? वर्गात एकदा 'मला आवडणारा माणूस' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या, तर बऱ्याच मुलांनी वहीवरच्या त्या साहेबांबद्दल लिहिलं. 'ते आम्हाला वह्या देतात.' त्या वह्यांचे पैसे कुठून येतात, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला पडत नाही. तो मोठ्यांना पडायला हवा. चवथीला तेच. नारळ, रवा, गूळ, माटोळीचं सामान, आणि पिशवीवर चेहरा. नरकासुराच्या स्पर्धेच्या फलकावर चेहरा, फुगडीच्या स्पर्धेच्या फलकावर चेहरा, भजनी स्पर्धेत विठ्ठलाच्या मूर्तीमागच्या कापडावर चेहरा. आमच्या वर्षाचं सगळं पंचांग आता त्या चेहऱ्यांवरून वाचता येतं.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात काम करणारी माणसं माझ्या आदराची आहेत आणि त्यांची कोंडी मला कळते. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार होती. एवढ्याशा राज्यात मराठी, इंग्रजी, कोकणी मिळून इतकी दैनिकं केवळ वाचकांच्या पैशांवर चालणं अवघड. 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढला, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंप्यांनी. दोन्ही घराणी खाणींच्या व्यवसायातली. म्हणजे खाण आणि छापखाना यांचं नातं पहिल्यापासूनचं. तरी त्या काळात संपादकांचा दरारा असायचा. आता वाढदिवसाच्या पुरवण्या असतात. पान भरून शुभेच्छा, शुभेच्छा देणारे कंत्राटदार आणि ग्रामपंचायतीचे पंच, मधल्या पानावर कार्यसम्राटाची मुलाखत. जाहिरात कुठे संपते आणि बातमी कुठे सुरू होते, हे ओळखायला वाचकाला भिंग लागावं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये अहवाल दिला. निवडणूक आयोग आता जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमून प्रचारकाळातल्या अशा मजकुरावर लक्ष ठेवतो. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे २८ लाख रुपये. पण आधीच्या पाच वर्षांत वह्या, पिशव्या, फलक आणि पुरवण्यांमधून जो चेहरा तयार झाला, तो त्या हिशेबात कुठेच येत नाही.

फुटबॉलचं उदाहरण या सगळ्यापेक्षा जुनं आणि मला वाटतं जास्त हुशारीचं. चर्चिल आलेमाव १९९० मध्ये काही दिवसांचे मुख्यमंत्री झाले. पण त्या मुख्यमंत्रिपदापेक्षा त्यांचं नाव घराघरांत नेलं ते 'चर्चिल ब्रदर्स' या संघाने. संघ सामना जिंकला की क्रीडा पानावर मथळ्यात नाव. हा संघ पुढे २००८-०९ आणि २०१२-१३ मध्ये आय-लीग जिंकला. त्यासाठी जाहिरात लागत नव्हती, आणि मैदानावर खेळ खरा होता.

आता मनोहर पर्रीकरांबद्दल. त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा थांबतो, कारण आमच्याकडे 'भाई' म्हटलं की लोक अजूनही हळवे होतात, आणि त्या हळव्यांत मीही आहे. म्हापशाचा मुलगा, आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये धातुशास्त्रातला अभियंता, २००० मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात साध्या चपला. हे सोंग नव्हतं. आम्ही त्यांना तसंच पाहिलं होतं. पण देशभर त्यांचं जे चित्र पसरलं, ते स्कूटरवरचे मुख्यमंत्री. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातल्या लोकांपर्यंत ते पोचलं. हातात पिशवी, डोक्यावर हेल्मेट, मुख्यमंत्री स्कूटरवरून भाजीला निघाले आहेत. पुढे एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी स्वतःच सांगितलं की आता मी स्कूटर चालवत नाही, डोक्यात कामाचे विचार असतात, अपघात व्हायचा. इतकं साधं, खरं उत्तर. पण फोटो फिरायचा थांबला नाही. माणूस खाली उतरला तरी चित्र स्कूटरवरच राहिलं.

इफ्फीचंही तसंच. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आणण्यासाठी पर्रीकरांनी पणजीचा चेहरा काही महिन्यांत बदलला. जुन्या मेडिकल कॉलेजची वास्तू, मल्टिप्लेक्स, मांडवीकाठचा रस्ता, सगळं झगमगलं. पडद्यावरचे तारे आणि आपले मंत्री एका समईपाशी, हा फोटो तेव्हापासून दर नोव्हेंबरात छापला जातो. मात्र महोत्सव संपून दोन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्यांचं सरकार पडलं. आमदार फुटले, त्यांना लाल गालिचा अडवू शकला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, या झगमगाटाची मर्यादा नेत्यांना कळली. तसं झालं नाही. त्यांनी धडा उलटा घेतला आणि झगमगाट वाढवला.

पण मला खरं बोलायचं आहे ते २०१८ च्या शेवटच्या महिन्यांबद्दल. फेब्रुवारीत पर्रीकर आजारी पडले. अमेरिकेत उपचार, मग दिल्लीत एम्स. आजार नेमका कोणता, हे सरकार बरेच महिने नीट सांगत नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस आरोग्यमंत्र्यांनी स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीरपणे सांगितलं. मधल्या काळात गोव्याला काय मिळालं? फोटो. घरी बैठक घेतानाचा फोटो, मंत्र्यांबरोबर बसलेला फोटो. प्रत्येक फोटो बाहेर आला की बसमध्ये, हॉटेलात, शाळेच्या स्टाफरूममध्ये लोक तो बोटांनी मोठा करून बघत. गाल किती आत गेलेत, शर्ट किती सैल झालाय, डोळे कुठे बघताहेत. राज्य कोण चालवतंय, या प्रश्नाचं उत्तर आम्ही एका आजारी माणसाच्या चेहऱ्यात शोधत होतो, कारण दुसरीकडे कुठे ते मिळत नव्हतं. पूर्णवेळ मुख्यमंत्री द्या, म्हणून नोव्हेंबरात लोकांनी त्यांच्या घरावर मोर्चा नेला.

डिसेंबरात ते मांडवीवरच्या नव्या पुलाची पाहणी करायला आले, नाकात नळी घालून. तो फोटो ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी कोणी तो विसरलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरातच दोन मतं झाली. माझे यजमान म्हणाले, केवढी जिद्द. मला त्या फोटोकडे पाहवेना. एवढ्या आजारी माणसाला बिछान्यातून उठवून पुलावर उभं करणाऱ्या व्यवस्थेबद्दल माझ्या मनात जे आलं ते मी तेव्हा बोलले नाही, आज लिहिते आहे. ते स्वतःच्या इच्छेनेही आले असतील, त्यांचा स्वभाव तसा होता. पण त्या फोटोची गरज त्यांच्यापेक्षा इतरांना जास्त होती.

जानेवारी २०१९ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. ११ तारखेला 'उरी' चित्रपट आला. सप्टेंबर २०१६ चा तो लक्ष्यभेदी हल्ला झाला तेव्हा पर्रीकर संरक्षणमंत्री होते, आणि चित्रपटात त्यांच्याशी साम्य असलेलं पात्र होतं. २७ तारखेला मांडवीवरच्या त्याच पुलाचं, अटल सेतूचं, उद्घाटन झालं. नाकात नळी असलेल्या पर्रीकरांनी माईक घेतला आणि त्याच चित्रपटातला संवाद म्हटला, 'हाऊज द जोश?' लोक ओरडले, रडले. काहीच दिवसांपूर्वी मुंबईत पंतप्रधानांनीही हाच संवाद म्हटला होता. ज्याने ते खातं खरोखर सांभाळलं होतं, त्याला आपल्या आयुष्यातलं धैर्य सांगायला चित्रपटातलं वाक्य उसनं घ्यावं लागलं. ३० तारखेला अर्थसंकल्प मांडतानाही त्यांनी जोशाचा उल्लेख केला, आणि आपण पूर्ण होशात आहोत असंही सांगितलं. ते दुसरं वाक्य मला जास्त त्यांचं वाटतं. त्याच दोन दिवसांत राहुल गांधी त्यांना भेटून गेले, आणि त्या पाच मिनिटांच्या भेटीवरून राफेल विमानखरेदीचा वाद पेटला. पर्रीकरांना पत्र लिहून खुलासा करावा लागला. आजारी माणसाला भेटायला जाणं या गोष्टीतसुद्धा मग विश्वास उरला नाही.

१७ मार्चला ते गेले. १९ मार्चच्या पहाटे दोनच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. पणजीत कांपालवर त्यांना निरोप देऊन आलेले आमच्या गावचे लोक घरी येऊन जेमतेम झोपले होते, सकाळी उठले तेव्हा वर्तमानपत्रात अंत्ययात्रा होती आणि टीव्हीवर नवं सरकार.

शपथेचा विषय निघाला म्हणून आणखी एक. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार एकदम भाजपमध्ये गेले. लोक चिडले होते. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. कॅमेरे होते, चित्रफिती निघाल्या, घरोघरी त्या पाहिल्या गेल्या. महालक्ष्मीसमोर हात जोडलेला माणूस बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, 'देवाकडे सांगलां म्हणटकच हो फुटपाचो ना.' म्हणजे देवापुढे बोलला, आता हा फुटणार नाही. काँग्रेसचे ११ निवडून आले आणि त्यांतले ८ जण १४ सप्टेंबर २०२२ रोजी भाजपमध्ये गेले. आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला, असं त्यांतल्या एका ज्येष्ठाने पत्रकारांना सांगितलं.

सासूबाईंना त्या दिवशी जे वाटलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांना राजकारणाचं वाईट वाटलं नाही, राजकारणाकडून त्यांची फार अपेक्षा नव्हती. त्यांना महालक्ष्मीचं वाईट वाटलं. आमच्याकडे देवासमोर घेतलेला शब्द दोघांतला असतो, साक्षीला फार तर भटजी. तिथे कॅमेरा नेला तेव्हाच तो शब्द देवाकडून उचलून प्रेक्षकांकडे ठेवला गेला, आणि प्रेक्षकांना दिलेला शब्द पाळायला कोण बांधील असतं?

या सगळ्याला गोव्यात कोणी उत्तर देत असेल, तर ते तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक. १८९२ मध्ये मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून त्या रंगभूमीवर मधल्या मधल्या गाण्यांत, कांतारांत, सत्ताधाऱ्यांचा समाचार घेण्याची रीत रुजत गेली. आजही मडगावच्या सभागृहात तियात्रिस्त मंत्र्याचं नाव घेऊन गातो, प्रेक्षक शिट्ट्या वाजवून पुन्हा म्हणायला लावतात. मी हिंदू घरातली, मराठी नाटकांत वाढलेली. पहिल्यांदा तियात्र पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या जत्रेच्या मंचावर हे कधी होत नाही. आमच्याकडे औरंगजेबाला, कंसाला, पोर्तुगीज गव्हर्नराला खुशाल शिव्या घालतात, आणि दुसऱ्या अंकानंतर पडदा पाडून मंत्र्याच्या गळ्यात हार घालतात. रात्रीचे दीड वाजलेले असतात, रंगलेलं नाटक अर्ध्यात थांबलेलं असतं, तलवार कमरेला तशीच असलेला शिवाजी विंगेत खुर्चीवर बसून असतो, आणि मी माईकवर वाचत असते, 'आपल्या मतदारसंघाचे कार्यसम्राट.' अर्धा तास जातो. भूमिका उतरून जाते. तिसऱ्या अंकात नटांना पुन्हा चढायला वेळ लागतो हे मागच्या रांगेतल्या पोरालाही कळतं.

यंदा उत्सव समितीच्या बैठकीत मी म्हटलं, हे बंद करू या. आमदार येऊ देत, पुढच्या रांगेत बसू देत, सगळ्यांबरोबर प्रसाद घेऊ देत, मनापासून स्वागत आहे. पण दोन अंकांच्या मध्ये सत्कार नको, देवळाच्या कमानीवर देवीशिवाय कोणाचा फोटो नको, आणि माईकवर नावाआधी विशेषण नको. तरुण मुलं लगेच तयार झाली, मला तेवढी अपेक्षा नव्हती. विरोध आला तो खर्चाच्या बाजूने, आणि तो खोटा नव्हता. ध्वनिक्षेपक, प्रकाशयोजना, रंगभूषाकार, बाहेरून बोलवाव्या लागणाऱ्या स्त्री कलाकार. स्मरणिकेतलं मधलं पान आणि कमानीवरचा फलक यांतून यातला मोठा हिस्सा निघतो. खजिनदार म्हणाले, बाई, तुमचं पटतं, पण लायटीवाल्याला तत्त्व देता येत नाही.

मग बराच वेळ नुसता हिशेब चालला. एका अंकातला देखावा कमी करायचा, दोन पडदे जुनेच रंगवून वापरायचे, आणि घरटी वर्गणी यंदा वाढवायची. ज्यांची मुलं गल्फमध्ये किंवा बोटीवर आहेत त्यांनी जास्त द्यावी, असं ठरलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. एकदोघांनी विचारलं, आमदार रागावले तर रस्त्याच्या कामाचं काय? त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. शेवटी असं ठरलं की हा निर्णय त्यांना समितीने जाऊन तोंडी सांगावा, पत्र पाठवू नये, कारण ते आपल्याच गावचे आहेत. मी आणि आणखी दोघे रविवारी त्यांच्या घरी जाणार आहोत. खजिनदारांनी वर्गणीसाठी घरांची नवी यादी मागितली आहे. वरच्या वाड्यावरची घरं लिहून झाली, खालच्या वाड्यावरची राहिली आहेत.